मेले म्हणजे वरून

जॉइनिंगची तारीख तीनदा पुढं ढकलली गेली. कॅम्पसमधून निवड झाली तेव्हा मी सातव्या सेमिस्टरला होते. डिग्री हातात पडून वर्ष उलटलं तरी कंपनीच्या मेलमध्ये एकच वाक्य: लवकरच कळवू. तोवर इचलकरंजीत आमच्या गल्लीतल्या सगळ्यांचा माझ्या नोकरीवरचा विश्वास उडाला होता. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "आता लग्नाचं बघा. नोकरी काय, येईल तेव्हा येईल." आणि मग जून २०२४ च्या शेवटी मेल आली. सोमवार, २२ जुलै, बेंगळुरू, इलेक्ट्रॉनिक सिटी, सकाळी साडेनऊ.

कॉलेजातली एक सीनिअर दोन वर्षं तिथंच होती. तिला फोन केला तर अभिनंदन राहिलं बाजूला, पहिलं वाक्य हे: "आदल्या दिवशी येऊ नको. दहा-बारा दिवस आधी ये. पहिल्या आठवड्यात ऑफिस समजून घेणार का अंघोळीचं पाणी कधी येतंय ते बघणार?"

पप्पांना हे काही पटेना. ते सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, कामाला आहेत. पगार सुरू व्हायच्या आधी बारा दिवस परगावात राहायचं आणि खायचं, ही त्यांच्या हिशेबात शुद्ध उधळपट्टी. शेवटी निकाल आज्जीनं दिला. "नव्या घरात गेल्यावर भांडी मांडायला पण चार दिवस लागतात की. जाऊ दे तिला."

आज्जी कर्नाटकातल्या चिकोडीकडची. लग्न होऊन इचलकरंजीत आली तेव्हा तिला मराठी येत नव्हतं. शिकली ती शेजारणींशी भांडून, असं तीच सांगते. आम्हा नातवंडांना तिनं कन्नड शिकवलं नाही आणि आम्हालाही ते नकोच होतं. बाजारात ती भाजीवालीशी कन्नडमधून घासाघीस करायला लागली की मी दोन पावलं मागं राहायची. वर्गातल्या कुणी बघितलं तर दुसऱ्या दिवशी 'कानडी अप्पा' ऐकायला लागायचं. तरी बारकं बारकं कानावर पडलं होतंच. बर्री, कुंद्री, एष्टु, साकु, बेडा. म्हणजे या, बसा, किती, पुरे, नको. एवढ्या पाच शब्दांवर मी सहाशे किलोमीटर निघाले होते, पण त्या वेळी ती शिदोरी आहे हेही माझ्या डोक्यात नव्हतं. शिदोरी म्हणजे दोन किलो भडंग, कांदा-लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी आणि आमच्याच गावच्या कापडाच्या दोन चादरी.

९ जुलैला संध्याकाळी इचलकरंजी ते कोल्हापूर एसटीनं गेले, अर्ध्या तिकिटात. मार्च २०२३ पासून राज्यात बायकांना एसटीचं अर्धंच तिकीट आहे, त्यामुळे ते आता कुणाच्या लक्षातही येत नाही. माझ्याही आलं नाही. तिकिटाचा विषय पुढं निघणार होता. कोल्हापुरातून स्लीपर बस. कोगनोळीचा टोलनाका गेला आणि मोबाइलवर कर्नाटकात स्वागताचा मेसेज आला. निपाणी, बेळगाव जागेपणी गेलं. हुबळी कधी गेली कळलं नाही. दावणगेरेनंतर थंडी वाजायला लागली. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर आहे हे शाळेत पाठ केलं होतं. ते पहाटे पाच वाजता तुमकूरच्या पुढं अंगावर पातळ ओढणी असताना समजलं.

सीनिअरची खोली बीटीएम लेआउटमध्ये. बीटीएम म्हणजे बैरसंद्रा, तावरेकेरे, मडिवाळा. जवळच एचएसआर आहे, म्हणजे होसूर-सर्जापूर रोड. इथल्या निम्म्या वस्त्यांची नावं अशी आद्याक्षरांत आहेत आणि बऱ्याच राहणाऱ्यांना ती कशाची हे माहीत नसतं. पत्ते मात्र मला लगेच जमले. प्रत्येक वस्तीत 'मेन' आणि 'क्रॉस'. पाचवा मेन, बारावा क्रॉस. सीनिअर म्हणाली, तिला हे कळायला महिना लागला. मला दहा मिनिटं लागली, कारण आमच्या गावातलं पोरगंसुद्धा जाणतं, कापड म्हणजे उभा ताणा आणि आडवा बाणा. मेन म्हणजे ताणा, क्रॉस म्हणजे बाणा. अर्थात हे जुन्या आखीव वस्त्यांपुरतं. शहराच्या कडेला, जिथं मला राहायचं होतं तिथं, मागावरचे धागे तुटून गुंता झाल्यासारखी स्थिती आहे.

पहिल्या सकाळी नाश्त्याला कोपऱ्यावरच्या दर्शिनीत गेलो. दर्शिनी म्हणजे उभं राहून खायचं, आधी कूपन, मग खिडकी. भिंतीवर इंग्रजीत यादी होती. 'खारा बात' वाचून मी म्हटलं, चला, सकाळी सकाळी भात सही. ताटलीत आलं ते उप्पीट. गाजर, मटार, वर नारळाची चटणी, पण उप्पीटच. शेजारी केशरी रंगाचा 'केसरी बात' होता, तो निघाला शिरा. दोन्ही एकत्र घेतलं की त्याला म्हणतात 'चौ चौ बात'. मी आज्जीला फोन लावला. ती हसून हसून बेजार. "अगं, उप्पीट आमचंच की! उप्पु म्हणजे मीठ, हिट्टु म्हणजे पीठ. तुला काय वाटलं, तुझ्या आईनं शोधलं?" बारा दिवसांतला तो पहिला फोन. नंतर मी रोज तिला शब्द विचारायला फोन करायला लागले, आणि तिलाही ते आवडायला लागलं असावं, कारण चौथ्या दिवसापासून रिंग पूर्ण वाजायच्या आत उचलायची.

आता पीजी, म्हणजे पेइंग गेस्ट म्हणून राहायची जागा. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण बारातले पाच दिवस यात गेले.

फ्लॅटचा विचार सीनिअरनं पहिल्याच दिवशी मोडून काढला. इथं घरमालक भरभक्कम डिपॉझिट मागतात. दहा महिन्यांचं भाडं आगाऊ ही जुनी रीत, आता कमी झाली असली तरी चार-सहा महिन्यांचं सर्रास. पहिल्या पगाराआधी ते कुठून आणणार? म्हणून पीजी. पीजीत 'शेअरिंग' हा शब्द आधी शिकायचा, म्हणजे एका खोलीत किती जणी. टू शेअरिंग, थ्री शेअरिंग, फोर शेअरिंग. एका ठिकाणी फाइव्ह शेअरिंगची खोली बघितली, तिथं दोन पलंगांच्या मधून चालायला आडवं व्हावं लागत होतं. मी एकूण नऊ पीजी बघितले. पहिल्या तिघांत मालक जे दाखवेल ते बघितलं: टाइल्स, वायफाय, वॉशिंग मशीन. चौथ्यापासून अक्कल आली. मालक खाली चावी शोधत असताना जिन्यात कपडे वाळत घालणाऱ्या मुलीला विचारायचं, इथं कसं आहे. ती आधी मालक कुठं आहे ते बघते, मग खरं सांगते. एकीनं तोंडानं काहीच सांगितलं नाही, नुसतं तळहातावर गळलेल्या केसांचा पुंजका धरून दाखवला. टँकरचं जड पाणी. त्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये शहरातल्या बोअरवेल आटल्या होत्या आणि टँकरच्या बातम्या आम्ही इचलकरंजीत बसूनही बघितल्या होत्या. जुलैत पाऊस सुरू झाला होता, पण कडेच्या भागांत कावेरीचं पाणी पोचलेलंच नव्हतं, तिथं टँकर बारमाही.

दुसरी अक्कल: पीजी दुपारी बघू नये. दुपारी सगळं रिकामं आणि स्वच्छ असतं. सकाळी आठला जायचं, नळ सोडून बघायचा, बाथरूमसमोर किती बादल्या रांगेत आहेत ते मोजायचं. किंवा रात्री जेवणाच्या वेळी जायचं आणि सरळ म्हणायचं, चव घेऊन बघू का? एका मालकानं याला नकार दिला, तेवढ्यावरून ते ठिकाण यादीतून कापलं. बरेचसे पीजी आंध्रकडच्या लोकांचे आहेत, त्यामुळे जेवणात भात, पप्पू म्हणजे डाळ, तिखटजाळ लोणचं, ताक. आमच्या कोल्हापुरी जिभेला तिखटाचं भय नाही. पण सकाळ-संध्याकाळ भात म्हटल्यावर पोट भरतंय का नाही तेच कळत नाही.

नववा पीजी कुडलू गेटजवळचा, ऑफिसपासून सहाएक किलोमीटर. टू शेअरिंग, साडेआठ हजार, जेवण धरून. डिपॉझिट एक महिन्याचं, त्यातले दीड हजार सोडताना 'मेंटेनन्स' म्हणून कापणारच. कशाचं मेंटेनन्स ते विचारायचं नाही. मी विचारलं. मालक म्हणाला, "सगळेच कापतात." या उत्तराला तोड नाही. पावती मात्र लिहून घेतली, तारखेसकट, आणि भिंतीवर आधीच असलेल्या ओलीचा फोटो काढून त्यालाच व्हॉट्सॲपवर पाठवला. हे पप्पांनी सांगितलं होतं. वर्षभरानं सोडताना त्याचा उपयोग झाला.

हा पीजी मी घेतला त्याचं खरं कारण पाणी नव्हतं आणि भाडंही नव्हतं. स्वयंपाक करणारी बाई होती रायचूरकडची. मी चव घ्यायला गेले तेव्हा तिनं सांबार वाढलं आणि माझ्या तोंडून सहज गेलं, "साकु साकु, ताई." ती एकदम थांबली. डाव माझ्यावर रोखून म्हणाली, "एन अंद्री?" म्हणजे काय म्हणालात? मला वाटलं काहीतरी चुकलं. रात्री आज्जीला विचारलं तर म्हणाली, कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. पंचविशी-तिशीतल्या बाईला मी आई म्हणून बसले होते! बहिणीला काय म्हणायचं? "अक्का की. आपण पण अक्काच म्हणतो." दुसऱ्या दिवशी मी तिला अक्का म्हटलं तर ती रुसली. तिला तायीच पाहिजे होतं.

राहायला गेले १४ जुलैला, रविवारी. सीनिअर सोबत येणार होती, तिला ताप आला, म्हणून सॅक आणि चाकाची बॅग घेऊन एकटी सिल्क बोर्डच्या चौकात उभी. सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकबद्दल देशभर विनोद आहेत, ते मी सांगत नाही. बस आली. मी आज्जीकडून पाठ केलेलं वाक्य एका काकांना म्हटलं, "कुडलू गेट होक्कैतेन्री?" त्यांनी मान हलवली. इथं मान हलवण्याचे इतके प्रकार आहेत की त्यातला हो कुठला हे अजून मला छातीठोक सांगता येत नाही. चढले. कंडक्टर आला. बाजूच्या दोन बायकांनी आधार कार्ड दाखवलं, त्यांना शून्य रुपयांचं तिकीट मिळालं. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेत बायकांना साध्या सरकारी बसमध्ये फुकट प्रवास आहे, पण पत्ता कर्नाटकातला पाहिजे. माझं ते 'होक्कैतेन्री' त्यानं ऐकलं होतं. "हुब्बळ्ळी कडेयवरा?" म्हणत त्यानं माझंही शून्याचं तिकीट काढायला घेतलं. मी आधार पुढं केलं. देवनागरी अक्षरं बघून त्याचा हात थांबला. "महाराष्ट्रा?" मग पैसे. आमच्याकडं अर्धं, शेजारणीला शून्य, मला पूर्ण. गंमत अशी की ज्या शब्दामुळं मी त्याला इथलीच वाटले तो शब्द माझा नव्हताच, आज्जीचा होता. उत्तर कर्नाटकातला 'री'. आज्जीचं आधार चिकोडीत राहिलं असतं तर तिला शून्याचं तिकीट मिळालं असतं.

कुडलू गेट ऐकून कंडक्टर काहीतरी म्हणाला. "मेले, मेले होगुत्ते." मी हसले. मराठी बाईनं मेले मेले म्हणणं ठीक, हा कशाला म्हणतोय? तो पुन्हा म्हणाला, बोट वर केलं, आणि गर्दीत पुढं गेला. दोन मिनिटांनी बस उड्डाणपुलावर चढली. सिल्क बोर्डपासून इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत होसूर रोडच्या डोक्यावरून जवळपास दहा किलोमीटरचा पूल आहे, २०१० पासून. त्यावर मध्ये थांबा नाही. मेले म्हणजे वरून! खालून जाणाऱ्या बसला 'केळगे'. मी खिडकीतून खाली बघत राहिले. बोम्मनहळ्ळी गेली, कुडलू गेट गेलं, माझ्या पीजीच्या गच्चीवरची निळी टाकी दिसली आणि मागं पडली. बाजूला मेट्रोचे खांब, वर रूळ, स्टेशनांची छपरं, सगळं तयार आणि गाडी नाही. "येतीय, येतीय" असं सगळे सांगायचे. त्या यलो लाइनचं उद्घाटन झालं १० ऑगस्ट २०२५ ला, तोवर मी पीजी सोडून दुसरीकडं राहायला गेले होते.

इलेक्ट्रॉनिक सिटीला उतरून समोरच्या बाजूनं परतीची बस धरली. या वेळी चढायच्या आधी ओरडले, "केळगेन्री?" आतून तीन-चार जण एकदम "केळगे, केळगे" म्हणाले. बॅग एकीनं वर ओढून घेतली.

त्या आठवड्यात रोज ऑफिसच्या वेळेला एक खेप करायची असं ठरवलं होतं. सोमवारी साडेआठला निघाले, पोचायला पन्नास मिनिटं. मंगळवारी पावणेआठला, पंचवीस मिनिटं. कंपनीच्या गेटवरच्या सुरक्षारक्षकानं तिसऱ्या दिवशी विचारलं, इंटरव्ह्यू आहे का? नाही म्हटलं, सराव करतीय. त्याला ते फार आवडलं. बसायला खुर्ची दिली.

तो तिसरा दिवस म्हणजे १७ जुलै, बुधवार, आषाढी एकादशी. आदल्या रात्री पप्पांचा फोन आला होता, आवाज उतरलेला. टीव्हीवर बातमी होती की कर्नाटकच्या मंत्रिमंडळानं खासगी कंपन्यांत स्थानिकांना आरक्षण द्यायच्या विधेयकाला मंजुरी दिली. व्यवस्थापनाच्या जागांत ५० टक्के, बाकीच्यांत ७० टक्के. स्थानिक कोण? राज्यात जन्मलेला, पंधरा वर्षं राहिलेला, कन्नड बोलता, वाचता, लिहिता येणारा. "तुझं काय होणार?" मला काय माहीत! सीनिअर म्हणाली, काही होत नाही. रूममेट अनंतपूरची, तीन महिन्यांपूर्वी लागलेली, ती रात्रभर मोबाइलवर बातम्या वाचत बसली. मला राग आला होता, पण कुणाचा ते ठरेना. आपल्याकडं 'भूमिपुत्र' हा शब्द ऐकतच मी मोठी झाले, आणि गावातल्या मागांवर उत्तरेकडची पोरं कामाला आली तेव्हा गल्लीत काय काय बोललं गेलं तेही ऐकलंय. तेव्हा मी कधी मधे बोलले नव्हते. बुधवारी उद्योगवाल्यांनी ओरड केली आणि रात्रीपर्यंत विधेयक स्थगित झालं. चोवीस तासांचा खेळ. पण त्या चोवीस तासांत मी एक वही विकत घेतली आणि कन्नड बाराखडी उतरवायला घेतली. भीतीपोटी म्हणा, ईर्ष्येपोटी म्हणा.

उपास होताच. पीजीत साबुदाण्याची सोय नाही. आज्जी म्हणाली, "सब्बक्की माग. आणि शेंगा माग." कोपऱ्यावरच्या दुकानदाराला म्हटलं, "सब्बक्की, अर्धा किलो." त्यानं दिला. तायीनं स्वतःच्या कढईत खिचडी करू दिली, तिखट कमी घातलं म्हणून मला बोलली, आणि अर्धी तिनंच खाल्ली. विठ्ठलाला आपण कानडा म्हणतो हे तिला सांगितलं तर म्हणाली, "मग? आमचाच आहे. तुमच्याकडं राहायला गेलाय."

लिपीबद्दल. ती येत नाही तोवर ती नुसती जिलबी दिसते, हे सगळेच म्हणतात. पण वर्णमाला तीच आहे: क ख ग घ. ळ आहे, जो हिंदीवाल्यांना म्हणता येत नाही. शिरोरेषेऐवजी अक्षराच्या डोक्यावर एक बारकी वळणदार रेघ, तिला तलकट्टु म्हणतात. एकदा ती रेघ बाजूला काढून बघितलं की खालचं अक्षर उरतं. शिवाय त्या वर्षीच्या फेब्रुवारीअखेरपर्यंत दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड करायचं होतं, त्यामुळं होसूर रोडभर कोऱ्या करकरीत पाट्या लागलेल्या. वर मोठं कन्नड, खाली बारीक इंग्रजी. त्या पाट्यांवरून ज्यांना राग आला त्यांना येवो, मला फुकटची अंकलिपी मिळाली. बस सिग्नलला थांबली की इंग्रजीवर तळहात धरायचा, वरचं वाचायचा प्रयत्न करायचा, मग हात काढायचा. मेडिकल्स. मोबाइल्स. बेकरी. सगळे इंग्रजीच शब्द, कन्नड कपड्यात.

शनिवारी बँकेच्या कामासाठी मॅजेस्टिक बस स्टँडकडं गेले होते. काम झालं, भूक लागलेली, गांधीनगरच्या एका गल्लीत पाटी दिसली. तिच्यावर इंग्रजी नव्हतंच. म्हणून सवयीनं एकेक अक्षर लावायला लागले. खा. ना. मग व. मग ळ, त्याला वेलांटी. खा-ना-व-ळि. पुन्हा वाचलं. खानावळी! कन्नडमधून पहिल्यांदा सबंध वाचलेला शब्द मराठीच निघाला. आत गेले. ज्वारीची भाकरी, तिला जोळद रोट्टी म्हणतात, भरलं वांगं, शेंगाचटणी, कच्चा कांदा, दही. अकरा दिवसांनी भाकरी. तीन खाल्ल्या. वाढणारा "बेका?" विचारत होता आणि मी 'साकु' म्हणायचं विसरले होते.

बेंगळुरूत मराठी नवं नाही हे मला आधी ठाऊक नव्हतं. हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. रजनीकांत इथल्याच मराठी घरातला, जन्मानं शिवाजीराव गायकवाड, आणि सिनेमात जायच्या आधी याच शहरात बस कंडक्टर होता. हे खानावळीच्या गल्ल्यावरच्या मालकानं सांगितलं, मी मराठी आहे कळल्यावर. अशा अभिमानानं, जणू तिकीट त्यानंच फाडून घेतलं होतं.

कागदपत्रांचं फार लिहीत नाही; आठही सेमिस्टरची गुणपत्रकं, पॅन, पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो, सगळं फाइलला लावूनच आणलं होतं. घोळ झाला तो नावाचा. आमच्या विद्यापीठाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग माझं, मग वडलांचं. आधारवर माझं, वडलांचं, आडनाव. कंपनीच्या फॉर्ममध्ये फक्त दोन चौकोन. त्यांच्या यंत्रणेनं स्वतःच्या बुद्धीनं ठरवलं की माझं आडनाव म्हणजे पप्पांचं नाव. पप्पांना सांगितलं तर ते दिवसभर खूश होते.

झोपेचा मात्र त्रास झाला. दारं दहाला बंद, मग शांतता. इचलकरंजीत रात्रपाळीच्या मागांची खटखट जन्मापासून उशाला होती, ती बंद पडली तर आमच्याकडं लोक दचकून उठतात, लाइट गेली काय म्हणून. इथं पहिले आठ दिवस दर तासाला जाग. रविवारी रात्री रूममेटनं पंख्याचा वेग वाढवला. त्याला कसलीशी खटखट होती, ती कुणाकडून तरी दुरुस्त करून घ्यायच्या मागं होती. मी म्हटलं, बेडा, राहू दे.

२२ जुलै. सव्वासात. पिवळा कुर्ता, आईनं दिलेला. तायीनं डब्यात दहीभात भरून दिला आणि वर भडंग टाकलं, माझ्याच पिशवीतलं, तिला ते फार आवडलेलं. केळगेची बस. गर्दी. "इलेक्ट्रॉनिक सिटी, फेज वन, ओंदु," मी म्हटलं. कंडक्टरनं आधार न बघताच शून्याचं तिकीट हातात ठेवलं आणि पुढं निघाला. मी दोन बायकांच्या मधून हात काढून त्याला परत बोलावलं. "महाराष्ट्र री." त्यानं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की गर्दीच्या वेळी हा कसला प्रामाणिकपणा. पंधरा रुपये. माझ्याकडं शंभराची नोट. त्यानं तिकिटाच्या मागं पेनानं ८५ लिहिलं, म्हणजे उतरताना घ्यायचे.

आणि उतरताना मी विसरले. डबा, सॅक, फाइल, पोटात गोळा. बस हलली तेव्हा हातातलं तिकीट दिसलं. धावले. फाइल छातीशी, पिवळी ओढणी मागं. शब्द शोधायला वेळ नव्हता, तोंडातून जे आलं ते ओरडले: "चिल्लर! चिल्लर री!" कन्नडमध्ये सुट्ट्या पैशांना चिल्लरे म्हणतात हे मला त्या दिवशी संध्याकाळी कळलं.

बस थांबली. खिडकीतून हात आला, त्यात घड्या घातलेल्या नोटा. मी मोजल्या. ऐंशी होते.

"ऐदु रुपायि?"

"स्वल्प अड्जस्ट माडी," कंडक्टर म्हणाला, आणि शिट्टी मारली.

गेटवर तोच सुरक्षारक्षक होता. आज खुर्ची नको म्हटलं.